आप्पांचा जुना प्रिंटर

अहो,

नव्या प्रिंटरने काढलेल्या कागदावर एकही काना किंवा वेलांटी नाही, नुसते आकडे आणि कंस आहेत. त्यात बिघाड नाही. आप्पांच्या जुन्या कॉम्प्युटरमधला मराठीचा प्रोग्राम फक्त त्या जुन्या प्रिंटरशीच जुळायचा, आणि "लई खडखडतंय राव" म्हणून तुम्ही काल तोच भंगारात दिलात. मी भंगारवाल्याकडे जाऊन आले. त्याने तो फोडलाय.

आवाज गेल्यापासून आप्पा टाइप करून, त्यावर छापूनच बोलायचे. थरथरत्या हातात पेन टिकत नाही. ऑपरेशनचं विचारलंत तेव्हा त्यांनी काहीच टाइप केलं नाही, म्हणून तुम्ही उद्याची तारीख घेतलीत. आज सकाळी त्यांनी टाइप केलं. स्क्रीनवर दाबलेल्या कळांची फक्त इंग्रजी अक्षरं दिसतात. मी एकेक कळ जुळवून मराठी अक्षरं लावली, चुकू नये म्हणून पुन्हा तपासली.

तुमचा फोन लागत नाही. मी आणि आप्पा एसटीने त्यांच्या घरी, महाळुंग्याला निघतोय. भाजी झाकून ठेवलीय. माझ्यावर रागवा, पण आधी डॉक्टरांना कळवा, पाया पडते.

मी ते आप्पांसमोर मोठ्याने वाचलं आणि त्यांनी होकारार्थी मान हलवली: "हर्षाली, ऑपरेशन नको. मला घरी ने."