रक्त पिणारं पोरगं आणि वाईचा उंबरा

मु. पो. पलूस,
ऊस तुटून गेल्यावरचा पहिला निवांत रविवार

तीर्थरूप नाथाजी दाजी यांस,

धाकटा मेहुणा बाळासो याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (पत्रात ठेवता येतं. प्रत्यक्षात माझे गुडघे आणि तुमची मर्जी, दोन्ही हल्ली वाकत नाहीत.) आक्काची पाठ कशी आहे? तुमची साखर औषधानं उतरते की नुसती उतरल्याचं आक्काला सांगता? घाटावर फिरायला जाता की घाटाकडं बघत गॅलरीत बसता? आमच्याकडं सगळं क्षेम. ऊस वेळेवर गेला, म्हैस वेळेवर व्याली आणि साळूकाकूला नवी कवळी बसली. त्यामुळं तिचा आवाज आधीपेक्षा लांब जातो. ही साळूकाकू म्हणजे माझी चुलती. तुमच्या लग्नात तुमच्या घोड्याला जिनं लाडू चारला होता, तीच.

फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल तुम्हाला. फोनवर मी "संयो..." एवढं म्हणेपर्यंत वाईची रेंज जाते. बरोबर त्याच जागी रेंज जाणारं गाव साऱ्या महाराष्ट्रात दुसरं नसेल. पत्राला रेंज लागत नाही. फक्त तुम्ही पेपर मागच्या पानापासून वाचता, तसं हे वाचू नका. पहिल्यापासून वाचा आणि जरा भरभर वाचा. भरभर का, ते पुढं येईल.

आणि घाबरू नका. तुमच्या संयोगिताचं नाव या पत्रात निघणार नाही. तिनं तुम्हाला न विचारता जतकडच्या मल्हारशी नोंदणी लग्न केलं, तुम्ही "माझ्या दारात यायचं नाही" म्हणालात आणि विषय बंद झाला. मी सैन्यातून हवालदार म्हणून रिटायर झालेला माणूस, आदेश पाळतो. हे पत्र एका सिनेमाबद्दल आहे. त्यात मागणंबिगणं काही नाही.

तर सिनेमा. आमच्या प्रांजलला (लेक यंदा अकरावीला आहे, तुमच्या हिशेबात अजून फ्रॉकमध्ये) आणि तिच्या मैत्रिणींना या सिनेमानं याड लावलं होतं. नाव इंग्रजी आहे, माझ्या लक्षात राहत नाही. साळूकाकू त्याला "दातवाला पिक्चर" म्हणते. प्रांजलच्या आईच्या मोबाइलवर बायकांचा एक गट आहे. एरवी त्यावर हळदीकुंकवाचे फोटो आणि सकाळचे सुविचार येतात. त्या गटावर एक दिवस बातमी आली की या सिनेमात एक देखणं पोरगं पोरीच्या मानेला चावतं आणि पोरगी आरडाओरडा करायची सोडून खूश होते. झालं! आमच्या ओट्यावर पालकांची बैठक बसली. अध्यक्ष अर्थात मी. (गणवेश गेला, पण आवाज राहिला आहे.) ठराव असा झाला, की आधी मोठ्यांनी सांगलीला जाऊन सिनेमा बघायचा आणि मग पोरींना दाखवायचा की नाही ते ठरवायचं.

आता आपल्या लोकांना एखादी गोष्ट तपासायची म्हटली की एकच पद्धत ठाऊक, स्थळ बघायला जायची. त्याच थाटात आम्ही निघालो. बायकांनी काठापदराच्या साड्या काढल्या, मी कडक टोपी चढवली, जीप सांगितली, वाटेत खायला भडंगाचा डबा घेतला. प्रांजलच्या आईनं तर ओटीचा नारळसुद्धा पिशवीत टाकला होता. कुणाची ओटी भरायची होती, हे तिला अजून सांगता आलेलं नाही. जीपमध्ये एक जागा उरली म्हणून साळूकाकू आली. आणि जीप सुरू झाल्यावर कुणीतरी विचारलं, की सिनेमा इंग्रजीतला हिंदी केलेला आहे, मग तो आपल्याला समजावणार कोण? तेव्हा दुभाषी म्हणून प्रांजल आणि तिच्या दोन मैत्रिणींना कोंबून घेतलं. म्हणजे ज्या पोरींनी बघू नये म्हणून आम्ही बघायला निघालो होतो, त्याच पोरी पुढच्या सीटवर बसून आम्हाला रस्ता दाखवत होत्या. सैन्यात असा प्लॅन मी केला असता तर माझी फीत उतरवली असती.

सांगलीत तिकिटं काढून एक जोडपं थेटराच्या दारात उभं होतं. जोडप्याचं नाव सांगत नाही, शब्द दिलाय. बाईचं नाक तुमच्यासारखं आणि हसणं आक्कासारखं आहे. बुवा रक्तपेढीत कामाला आहे. (तुम्ही त्याला "रक्त काढून पोट भरणारा" म्हणाला होता. ते त्याच्या कानावर गेलंय. तो हसला आणि म्हणाला, "खरंच हाय की मामा.")

गोष्ट अशी आहे. कुठल्याशा बर्फाळ गावात एक घड्याळं दुरुस्त करणारा विधुर बाप आणि त्याची कॉलेजातली पोरगी. तिच्यावर एका पोराचा जीव जडतो. पोरगं राजबिंडं, बोलायला मऊ, पण मेलेलं. म्हणजे मरून पुन्हा उठलेलं, रक्तावर जगणारं. माणसाचं रक्त घ्यायचं नाही अशी शपथ घेतलेली असल्यामुळं ते खाटकाकडून वाडगा भरून आणतं आणि पितं. पडद्यावर त्यानं तो वाडगा तोंडाला लावला तेव्हा थेटरातल्या पोरींनी डोळे झाकले. आमची साळूकाकू मात्र नव्या कवळीनिशी गरजली, "आगं, रक्तीच खातंय की! आपन जत्रंत काय येगळं करतूय? ह्येच्या आयनं जरा कांदा-खोबरं घालून शिजवून द्यावं, बिचारं कच्चंच पितंय!" अख्खं थेटर हसलं. आणि दाजी, तिथून पुढं तो सिनेमा भुताचा राहिला नाही, स्थळाचा झाला.

एकेक दोष पुढं यायचा आणि एकेक बाई तो पदरात घ्यायची. पोरगं दिसायला विशीच्या आतलं, पण वयानं खापरपणजोबाच्या बरोबरीचं. मागच्या रांगेतून आवाज आला, "अंतर लय हाय." लगेच दुसरी म्हणाली, "आसू दे, समजूतदार आसंल." दिवसा झोपतं आणि रात्री हिंडतं. "रातपाळी हाय म्हनायची. आमच्यातबी कारखान्याला जात्यातच की." आरशात दिसत नाही. "नटायचं याड न्हाई, ह्ये बरं." गाडी फक्त एका गोष्टीवर अडली. त्याला लसूण चालत नाही. तिथं मात्र सगळ्या बायकांना स्वयंपाकघर आठवलं. ठेच्याचं काय करायचं? आमटीला फोडणी कशाची द्यायची? शेवटी प्रांजलच्या आईनं तोडगा काढला, "माळकरी समजायचं." (वाडगाभर रक्त पिणारा माळकरी! पण मी बोललो नाही. मला त्याच जीपनं घरी जायचं होतं.) साळूकाकूनं निकाल दिला, "मुंजा हाय त्यो. लगीन व्हायच्या आदी मेलाय. एकदा अक्षता पडल्या की सुटतोय बघ." मानेला चावण्याचा सीन कधी येऊन गेला, कुणाच्या ध्यानातसुद्धा राहिलं नाही.

आता खरी गोष्ट. या जातीच्या पोरांना एक नियम असतो म्हणे. घरमालकानं आपल्या तोंडानं "आत ये" म्हटल्याशिवाय त्यांना उंबरा ओलांडता येत नाही. पोरगं येतं, दारात उभं राहतं. आत बाप दिव्याखाली बसलाय, पेपर वाचतोय. बाहेर बर्फ पडतोय. पोराच्या अंगात ताकद एवढी, की मघाशी त्यानं दरीत घसरणारा ट्रक एका हातानं धरलेला आम्ही बघितला होता. ते दार म्हणजे त्याला पापड. पण तो हात लावत नाही. टोपी हातात धरून उभा राहतो आणि बर्फ त्याच्या खांद्यावर साचत जातो. दाजी, मी हिमालयात पहारे केलेत. बर्फात उभं राहणं काय असतं ते मला माहीत आहे. ताकद असून दुसऱ्याच्या दारात मान खाली घालून थांबणारा माणूस मला फार मोठा वाटतो. त्या पोराला मी बसल्या जागी सलाम ठोकला.

बायकांना ते सहन होईना. आपल्याकडं दारात आलेल्या वैऱ्यालासुद्धा आधी "या, बसा" म्हणतात, पाणी देतात आणि भांडण चहानंतर काढतात. साळूकाकू उठून उभी राहिली आणि पडद्याला म्हणाली, "आवं पावनं, आत या की! त्येचं काय ऐकताय?" मग चारी बाजूंनी सुरू झालं, "बोलाव की रं त्याला!" "गारठलं पोरगं!" पुढच्या रांगेतली शिट्ट्या मारणारी कॉलेजची पोरंसुद्धा ओरडायला लागली. काकूनं प्रांजलला विचारलं, "पोरगीच का बोलवंना?" प्रांजल म्हणाली, "घर ज्याच्या नावावर, त्यानंच बोलवायचं असतं, आज्जी." काकू मटकन खाली बसली. म्हणाली, "म्हंजी सातबारा बापाच्या नावावर हाय."

त्याच वेळी माझ्या शेजारून रक्तपेढीवाला उठला आणि बाहेर गेला. मी मागोमाग गेलो. मक्याच्या लाह्या विकतात तिथं तो भिंतीला टेकून उभा होता. मी म्हटलं, "काय झालं रे?" तर म्हणाला, "काय न्हाई मामा. ह्यो सीन माझा बगून झालाय."

दाजी, मी शब्द मोडतो. मल्हारच तो. दिवाळीत तुमच्या फाटकाशी उभा होता, तुम्ही आत टीव्हीचा आवाज वाढवलात आणि आक्कानं भिंतीवरून चिवड्याचं ताट दिलं. त्यानं ते उभ्यानं खाल्लं, ताट धुऊन भिंतीवर ठेवलं आणि गेला. हे मला आक्कानं सांगितलं होतं. त्यानं कधी नाही. थेटरात एवढंच म्हणाला, "त्यांनी 'ये' म्हनलं न्हाई, पन 'जा'बी म्हनलं न्हाई. त्येवडं धरून हाय मी." मी दोघांना लाह्या घेतल्या आणि आम्ही आत आलो.

आत आलो तर बाप पेपर ठेवत होता. तो उठला, चष्मा पुसला, दार उघडलं आणि एकच शब्द बोलला. थेटरात अशा टाळ्या पडल्या की पुढचं काही ऐकूच आलं नाही. प्रांजलची आई रडत होती, पोरी रडत होत्या, जीपचा ड्रायव्हर आमच्याबरोबर आत आला होता तो रडत होता. मी रडलो नाही. (एसीचं वारं थेट डोळ्यांत येत होतं.) फक्त साळूकाकू नाराज होती, "चपला काढल्या न्हाईत बग त्यानं." सिनेमा झकास आहे, दाजी. पोरींना याड लागलं ते उगाच नाही. परतीच्या वाटेवर बैठकीनं तो एकमतानं पास केला आणि पोरींना बघायची रीतसर परवानगी दिली. प्रांजलनं जीपमध्येच विचारलं, "आबा, मी असा कुणी आणला तर?" मी म्हटलं, "लसूण खात असला तर बघू."

आक्काला नमस्कार. काही कमीजास्त लिहिलं असेल तर मेहुण्याचा हक्क समजून सोडून द्या.

तुमचा,
बाळासो

ता. क. पत्रासोबत गुळाची ढेप पाठवली आहे. यंदाचा गूळ रंगाला उजवा आहे. साखर बघून खा.

आणखी एक ता. क. मागणं काही नाही म्हणालो होतो, ते तेवढं खोडा. तुम्ही वाईच्या स्टँडवर कंट्रोलर होता. सारी नोकरी माइकवर गेली. पुण्याचे या, साताऱ्याचे या, अनोळखी माणसांना पोराबाळांसकट हाका मारून गाडीत बसवलंत. कुणाला कुठलं गाव, कुठली जात, कसलं काम, विचारलं नाहीत. अजून एकच हाक मारायची राहिली आहे. माइकसुद्धा लागणार नाही.

शेवटचा ता. क. पत्र आक्कानं आणून दिलं असेल, पण तिला ते फाटकावर मिळालं. पोस्टानं ढेप फुटते, म्हणून मल्हारबरोबर पाठवली. तुम्ही हे वाचताय तेवढा वेळ तो ती खांद्यावर घेऊन उन्हात उभा आहे. खाली ठेव म्हटलं तर ठेवणार नाही, घरात द्यायची वस्तू वाटेवर ठेवायची नसते म्हणतो. संयोगिता स्टँडवर बसली आहे, तुमच्या जुन्या खिडकीसमोर. पत्र मी मुद्दाम लांबवलं, त्याबद्दल त्याची माफी मागतो. तुम्ही मागच्या पानापासून वाचायला घेतलं असेल, तर फार बरं झालं, पोराचा खांदा लवकर सुटेल. चपला तो बाहेर काढेल, मी बजावलंय. आता पत्र खाली ठेवा, दाजी, आणि दाराकडं बघा.