एका चौकोनातली दोन झुडपं

२ मार्च

कापणार! म्हणे एकाआड एक झुडूप कापणार!

झुडपांची मोजणी करायला आलेल्या सरकारी बाईंनी आज सगळ्यांना रोपवाटिकेच्या पडवीत बसवून सांगितलं. वाळू थांबली, वाळूवर सायीसारखा पापुद्रा धरला, गवत आलं, मुंग्या आल्या, सगळं छान झालं. पण झुडपं फार दाट झाली. खोलवरची ओल त्यांनी पिऊन टाकली आणि आता शेंड्याकडून वाळायला लागलीत. अर्धी काढली नाहीत तर सगळीच जातील.

मी उठलो. "लावताना तुम्ही होता का इथे?" बाबांनी शर्ट धरून खाली बसवलं. ज्या माणसाने ही टेकडी गुडघ्यांवर रांगत लावली, तो नुसता मान डोलावतोय!

घरी येताना म्हणाले, "वाळू थांबवायला लावली होती. थांबली. आता काय सगळी जावयासारखी पोसायची?"

बोललोच नाही त्यांच्याशी. जेवलो मात्र. आईने डोळे वटारले.

४ मार्च

टेकडीवर जाऊन आलो. आमचा चौकोन अजून डोळे मिटूनही सापडतो, मोठ्या दगडाच्या खालच्या अंगाला.

मी शाळेत असताना बाबांची लागवडीची टोळी गवताच्या पेंढ्या वाळूत अर्ध्या पुरून चौकोन आखायची. अख्खी टेकडी म्हणजे बुद्धिबळाचा पट. एका चौकोनात एकच रोप, हा बाबांचा कायदा. उरलेली दोन रोपं आम्हाला मिळाली, मला आणि तिला. ती टँकरवाल्या काकांची मुलगी. म्हणाली, "एकटं कंटाळेल रे." झालं! बाबांची पाठ वळताच दोन्ही एकाच चौकोनात. दुसऱ्या दिवशी मी मामाकडे गेलो, अख्खी सुट्टी. परत आलो तर दोन्ही ताठ उभी! कायदा मोडला आणि काही बिघडलं नाही — केवढा मिरवलो होतो!

तेव्हा वाळू घरात यायची. पांघरुणात, पिठात, दातांत. आई केरसुणी हातातून ठेवतच नसे. आणि आम्ही दोघं पिंपाच्या झाकणावर बसून टेकडीवरून घसरायचो. ती पुढे, मी मागे, तिचे केस माझ्या तोंडात.

आज एक पत्रा सापडला म्हणून बसून पाहिलं. जागचा हलला नाही. टेकडी आता हलतच नाही. चांगलंच झालं म्हणायचं. पण पत्रा घरी घेऊन आलो.

५ मार्च

कॉलेज सोडल्यानंतरचा हा पहिला उन्हाळा. ती आणि मी शहरात एकाच कॉलेजात होतो. हॉस्टेलच्या जिन्यात एकजण तिच्याबद्दल वेडंवाकडं बोलला. मी त्याचा चष्मा फोडला. वाटलं होतं, ती निदान — जाऊ दे. म्हणाली, "तुला कुणी बोलावलं होतं मध्ये?" प्राचार्य म्हणाले, माफी माग. मी बॅग भरली.

७ मार्च

खोडून खोडून शेवटी एवढाच मेसेज पाठवला: "आपली झुडपं कापतायत. ये."

८ मार्च

"येते." एवढंच! पण येते!!

११ मार्च

आली. केस कापलेत. आईने तिला जवळ ओढलं, "किती वाळलीस गं!" चहाचं आधण ठेवलं. चहा होईपर्यंत वर जाऊन येतो म्हणून निघालो.

दोन्ही झुडपांचे शेंडे करडे. तिने एक फांदी वाकवली, ती कट्‌कन मोडली. मोडलेलं टोक नखाने खरवडून पाहिलं, आत कोरडं. मग म्हणाली, "एक काढू दे. दुसरं तरी जगेल."

"तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतं म्हणूनच म्हणतेय."

मग माझं डोकं फिरलं. शहरात गेलीस आणि सगळं विसरलीस, तुला कशाचीच माया नाही… आणखी बरंच. लिहीत नाही. "तू अजून तसाच आहेस," एवढंच म्हणाली आणि तशीच खाली उतरून बसमध्ये बसली. चहा ओट्यावर गार झाला.

१२ मार्च

आज कुऱ्हाडी आल्या. मी आमच्या चौकोनापुढे फतकल मारून बसलो. कापणारे खिदळले, "उठा राजे, सिंहासन कापायचंय!"

बाबा आले. वाटलं, आता कान उपटणार. ते शेजारीच बसले.

"तुमची ती रोपं केव्हाच मेली. तू मामाकडे गेलास ना, त्याच आठवड्यात."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"पोरगी रडत माझ्याकडे आली. दुसरी द्या म्हणाली. म्हटलं, एकच देतो, इथे दोन जगायची नाहीत. तर म्हणे, दोनच हवीत, नाहीतर त्याला कळेल. टँकर आला की नळाखाली डबा धरायची आणि भर उन्हात वर चढायची. सगळी सुट्टी. तिच्या पाण्यावर जगली ही दोन. आता कोण घालतंय?"

"मला का नाही सांगितलं?"

"तिने शपथ घातली होती. काका, त्याला सांगू नका, तो वाळूशी भांडत बसेल!"

१३ मार्च

कुऱ्हाड मीच मागून घेतली. एक कापलं. दुसऱ्याच्या बुंध्याशी डबाभर पाणी ओतलं.

सकाळच्या बसने निघतोय. आधी चष्मेवाल्याची माफी. मग तिची.