दगडाच्या काळजाचा म्हातारा

सोम. १४ जुलै
वरच्या मजल्यावरची शर्वरी आली. नववी. गृहपाठ इंग्रजीचा, धड्यातल्या म्हाताऱ्याचं स्वभावचित्र. लेकीला निरोप देताना 'ही कुड नॉट हेल्प क्रायिंग.' मी म्हटलं, सरळ आहे, लेक रडत होती, यानं मदत केली नाही. दगडाच्या काळजाचा मेला. "नक्की ना काकू?" तीनदा विचारलं. खेकसले. अख्खी नोकरी इंग्रजीत पत्रं लिहिली, आणि ही मला विचारते.

बुध. १६
पाचापैकी शून्य. बाईंनी उत्तर वर्गात मोठ्यांदा वाचलं, पोरं खिदळली. खरा अर्थ: त्याला रडू आवरेना. मी आपली हेल्प म्हणजे मदत धरून बसले.
बाईंनी विचारलं म्हणे, "हे कुणाच्या सुपीक डोक्यातून?" "माझ्याच," म्हणाली शर्वरी.
हे ऐकून मी काय बोलावं? "चहा घेशील?" शोभलं का मला?

शुक्र. १८
जिन्यात तिची आई, मनीषा. पोरगी शेजारीच. "तुम्ही एवढ्या जीव तोडून शिकवता आणि हिचं लक्ष कुठे असतं कोण जाणे. गणपतीतलं नाटक बंद केलंय हिचं." शर्वरी चपलांकडे बघत उभी. तोंडाशी आलं होतं माझ्या. म्हणाले, "जाऊ दे गं, लहान आहे." म्हणजे चूक तिचीच, त्यावर माझा शिक्का. लाज वाटते स्वतःची.

शनि. १९
सांगायला वर गेले. मनीषानं दार उघडलं. कढीपत्ता मागून आले. गॅलरीत कुंडीभर आहे माझ्या.

सोम. २१
शर्वरी आली. मी विचारलं, "माझं नाव का नाही घेतलंस?"
"आईनं तुमच्याकडे पाठवलं नसतं." मग म्हणाली, "आणि तुम्हाला वाईट वाटलं असतं."
वहीत त्या शून्याखाली लिहिलं: हा अर्थ मी सांगितला होता, चूक माझी. सही, ऑफिसातली, लफ्फेदार. तिनं वाचलं, वही दप्तरात टाकली. आईला दाखव, असं म्हणाले नाही. नको दाखवू, असंही नाही. पुन्हा सगळं तिच्यावरच ढकललं की.

मंगळ. २२
खाली पार्किंगमध्ये नाटकाची तालीम सुरू झाली. मघापासून खिडकीशी उभी आहे. सगळ्यांचे आवाज ओळखू येतात. तिचा अजून तरी नाही.