‘नवी पिठाई’ विरुद्ध मी

६ जानेवारी, सकाळी
पेपरात बातमी. व्यापारातल्या गुंतागुंतीच्या भांडणांसाठी राज्य सरकार पुण्यात खास कोर्ट काढायच्या विचारात आहे. तज्ज्ञ न्यायाधीश, झटपट निकाल. दोनदा वाचली. संजय, तुझे दिवस भरले.
शर्मिलालाही मोठ्याने वाचून दाखवली. ती म्हणाली, वाचून झालं असेल तर कोथिंबीर निवडा. संजय तिच्या सख्ख्या बहिणीचा नवरा, म्हणजे माझा साडू. या घरात मला न्याय मिळणं अवघडच.

दुपारी
नव्या कोर्टासाठी मुद्दे स्वच्छ मांडून ठेवतो. ‘पिठाई’ ही घरघंटी आम्ही दोघांनी काढली. कात्रजला एकच शेड. तो मशीन बनवायचा, मी दृष्टी द्यायचो. घरघंटीत एफएम रेडिओ बसवावा, अशी सूचना मी केली. त्यावरून तो भडकला, वेगळा झाला आणि समोरच्याच गाळ्यात ‘नवी पिठाई’ सुरू केली. त्याची खपते. माझी दर्जेदार आहे.
नावाची चोरी, डिझाइनची चोरी, गिऱ्हाइकांची चोरी. जुन्या कोर्टात कितीतरी वर्षं हा दावा चालू आहे. त्यांना झेपत नाही.

१४ जानेवारी
संक्रांत. शर्मिलाच्या बहिणीने, रुपालीने, तिळगूळ पाठवला. तत्त्व म्हणून डबा परत पाठवायला सांगितलं. पाठवला. रिकामा होता, हे संध्याकाळी कळलं.
आजपासून संकल्प: संजयचा विचार फक्त ऑफिसच्या वेळेत.

१५ जानेवारी
पहाटे उठून संजयचा विचार केला. अपवाद.

२ फेब्रुवारी
‘विशेष व्यापारी न्यायालय कृती समिती’ स्थापन. अध्यक्ष मी. कोथरूडची सोसायटी म्हणजे सुशिक्षितांची, म्हणून लिफ्टशेजारी नोटीस लावली. तळमजल्यावरचे दशरथराव तेवढे आले. त्यांना पार्किंगची मीटिंग वाटली होती. तरी पूर्ण वेळ बसले. जाताना म्हणाले, पार्किंगचंही याच कोर्टात बघा.
जनमत तयार होतंय.

११ मार्च
सरकारी समितीने लोकांच्या सूचना मागवल्या होत्या. गेलो, बोललो. सांगितलं की साडू हा व्यापारी वादाचा स्वतंत्र प्रकार मानावा, कारण तो दिवसा स्पर्धक असतो आणि दिवाळीत घरी येतो. समितीच्या बाईंनी विचारलं, आपल्या वादात नेमकी गुंतागुंत कोणती? म्हटलं, माणूस. बाईंनी चष्मा काढून पुसला. फारच प्रभावित झालेल्या दिसल्या.
माझ्यानंतर एक जण परदेशी करारांवर बोलला. कंटाळवाणा.

१८ जून
कोर्ट मंजूर! पावसाळ्यानंतर काम सुरू. माझ्या प्रयत्नांचा कुठेही उल्लेख नाही. पुणेरी कृतघ्नता.
लगेच वकीलबाईंकडे, उत्कर्षाकडे. म्हटलं, जुन्या कोर्टातला दावा काढून घ्या, नव्यात नव्याने लावू. ती म्हणाली, पुरावे झाले, युक्तिवाद झाले, आता फक्त निकाल राहिलाय आणि तो आपल्या बाजूने लागेल असं दिसतंय.
“काका, जिंकत आलेली केस कोणी सोडतं का?”
मी म्हटलं, तिथे जिंकणं आणि खास कोर्टात जिंकणं यात फरक आहे.
“हो,” ती म्हणाली, “तिथे जिंकाल.”
हल्लीच्या मुलींना बोलायची रीत नाही. सही केली.

४ जुलै
दावा मागे घेतला. संजयला कळलं असेल. झोप उडाली असणार.

५ जुलै, संध्याकाळी
संजय घरी आला. पेढे घेऊन. सोबत रुपाली.
शर्मिलाने दार उघडलं आणि दोघी बहिणी दारातच गळ्यात पडल्या. मला आत ढकलत ढकलत तो सोफ्यावर बसला.
“अरे रामदास, केस काढून घेतलीस. एक फोन करायचास ना, मीच आलो असतो.”
गडी चक्क समेट समजला. मग म्हणाला, त्याने आज दुपारी गाळ्यावरची पाटी उतरवली. ‘नवी पिठाई’ बंद. मशीनचं डिझाइनही बदलतोय.
“नाव तुझंच राहू दे. चूक कोणाची ते जाऊ दे आता. चहा टाका, शर्मिलाताई.”
त्याचे डोळे ओले होते. सर्दी असावी.
मला वेळीच सावध व्हावं लागलं. ही चाल होती. नव्या कोर्टात जायच्या आधी मला गारद करायचं. चहा आला. मी आतून नव्या दाव्याची नोटीस आणली आणि त्याच्या कपाशेजारी ठेवली.
त्याने पहिलं पान वाचलं. रुपालीला म्हणाला, चल. चहा तसाच राहिला. पेढेही.

६ जुलै
शर्मिला बहिणीकडे राहायला गेली. काही दिवसांसाठी, असं मी समजतो. तिने तसं म्हटलेलं नाही.
आमटी करायला सोपी असते. संकल्प: रोज स्वतः रांधून खाणे.

७ जुलै
डबा लावला.

१९ ऑगस्ट
उत्कर्षाने वकीलपत्र सोडलं. नवीन वकील बघितला. अत्यंत अनुभवी. माझं सगळं पटतं त्याला.
समोरच्या गाळ्यावर नवी पाटी: ‘दळणसोबत’. भिकार नाव. बाहेर दोन टेम्पो उभे.

१० नोव्हेंबर, सकाळी
आज खास कोर्टात पहिली तारीख. नवा शर्ट. इस्त्री स्वतः केली, कॉलर थोडी जळली. मफलर गुंडाळला. भारदस्त दिसतो.

संध्याकाळी
बसमधून उतरल्यावर वाण्याकडे गेलो, काय घ्यायचं ते आठवेना. तसाच घरी आलो. नीट लिहितो.
आमच्या आधी दोन बड्या कंपन्यांची केस. कागद ट्रॉलीवरून आणले होते. मग आम्ही. न्यायाधीशबाई तरुण. त्यांनी विचारलं, वादातली पाटी अजून आहे का? नाही. त्या नावाने माल विकला जातो? नाही. डिझाइन? बदललं. जुना दावा आपणच बिनशर्त मागे घेतला? हो.
“मग आता आपल्याला काय हवंय?”
म्हटलं, निकाल.
त्यांनी फाइल मिटली. मग सांगितलं, यात गुंतागुंत नाही आणि वादही उरलेला नाही. दावा फेटाळला. माझा वकील मान डोलावत होता. त्याला सगळंच पटतं.
साधा! माझा वाद साधा! अपील करायचंच.
बाहेर आलो तर व्हरांड्यात संजय. मी छाती काढून उभा राहिलो. म्हटलं, आता शिव्या देईल, मीही देईन. तयारी होती. त्याने हात जोडले.
“आपण गाडी आणलीय का? नाहीतर आमचे वकील कोथरूडलाच चाललेत, सोडतील आपल्याला.”
आपण! लग्नात ओळख झाल्यापासून ह्या माणसाने मला कधी अहो म्हटलं नव्हतं. अरे रामदास, अरे गाढवा, हेच. आज आपण. याला म्हणतात वचक. म्हटलं, नको, बसने जाईन. तो बरं म्हणाला आणि गेला.
घरी आल्यावर शर्मिलाला फोन लावला. निकालाचं तिला आधीच कळलं होतं. मी म्हटलं, ते सोड, संजय आता मला अहोजाहो करतो.
पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. तिलाही सर्दी असावी.
मग म्हणाली, “जेवून घ्या.”