मागची रांग

१२ नोव्हेंबर,
रविवार, सकाळचे नऊ

प्रिय चिमणे,

चौदा वर्षांत तू माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाहीस, तेव्हा ख्यालीखुशाली विचारण्यात अर्थ नाही. तरी विचारतो. कंबर कशी आहे? तुझ्या बाइंडरसाहेबांचा खोकला थांबला का? भाचीला नोकरी लागल्याचं इस्त्रीवाल्याकडून कळलं. ऊर भरून आला.

मी बरा आहे. गुडघे कुरकुर करतात, पण पाना अजून हातात धरवतो. अख्ख्या वस्तीत कुणाचाही नळ गळला की आधी माझंच दार वाजतं.

बातमी अशी की आठ महिन्यांपूर्वी पालिकेच्या इंजिनिअरबाई आल्या. वयाने भाचीएवढ्याच. पुढच्या तीन इमारती पाडायच्या की दुरुस्त करायच्या, हे त्यांनी ठरवायचं होतं. जुने नकाशे काचकारखान्याबरोबरच बुडाले, म्हणून कुणीतरी त्यांना माझ्याकडे पाठवलं. मग काय, मी सुटलोच! कारखान्याने कामगारांसाठी सहा इमारती बांधल्या, तीन पुढे, तीन मागे. आई पॉलिश खात्यात लागली आणि आपल्याला मागच्या रांगेत दोन खोल्या मिळाल्या. तेव्हा चार बिऱ्हाडांत एक नळ. सोळाव्या वर्षी मी आईच्या ओट्यापर्यंत पाइप ओढला, तर ती दिवसभर उगाचच भांडी घासत बसली होती. कारखाना बंद पडला, पण लोकांनी खेटे घालून घालून खोल्या स्वतःच्या नावावर करून घेतल्या. लग्न होऊन मी पुढच्या रांगेत गेलो, तू आईजवळच राहिलीस. बाइंडरसाहेबांना सगळे घरजावई म्हणून चिडवायचे, तेही मी सांगितलं. बाई हसत हसत सगळं लिहून घेत होत्या.

मग आम्ही तळघरात उतरलो. बाईंनी सांडपाण्याच्या बिडाच्या पाइपांवर हातोडी मारून पाहिली.

"काका, हे अजून पन्नास वर्षं जातील."

"जाणारच. माल अस्सल आहे."

"मग मागच्या रांगेचे कसे कुजले? दोन्ही रांगा एकाच वर्षी बांधलेल्या, एकाच मालाच्या." त्यांनी फायलीतून एक कागद काढला. "ही सही तुमचीच ना?"

मी तिथेच पायरीवर बसकण मारली.

चिमणे, तुला वाटतं, मागची रांग पाडायचं ठरलं त्या मीटिंगमध्ये मी गप्प बसलो. गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं गं. मागच्या रांगेचे पाइप दुरुस्तीपलीकडे गेलेत, असा अहवाल वस्तीचा प्लंबर म्हणून मीच लिहून दिला होता. पाइप ठणठणीत होते. ती जागा एका बिल्डरला हवी होती, आणि मागची रांग रिकामी झाली तर पुढच्या इमारतींना लिफ्ट देतो, असं त्याने वस्तीच्या कमिटीला सांगितलं होतं. तुझ्या वहिनीला चौथ्या मजल्यावरून उतरवत नव्हतं. मला फक्त तेवढंच दिसलं. त्या एका कागदावर अठ्ठेचाळीस बिऱ्हाडं शहराच्या टोकाला गेली, त्यात माझी सख्खी बहीण.

बिल्डरचं दिवाळं वाजलं. लिफ्ट आली नाही. शेवटची सहा वर्षं वहिनीने आवार फक्त खिडकीतून पाहिलं. एकदा मला म्हणाली, "खरंच कुजले होते का हो?" मी म्हणालो, "हो." तिने पुन्हा विचारलं नाही. तिला कळलं होतं.

पायरीवर बसूनच मी बाईंना सगळं सांगितलं. "हे लेखी द्याल?" त्यांनी विचारलं.

मी लेखी दिलंच, पण आधी सगळ्यांना बोलावून आवारात उभं राहून सांगितलं. शिंपीण म्हणाली, "तुमच्यापायी माझी आई परक्या जागी गेली, आणि रोज आमच्याच घरी चहा पिता?" आठ दिवस माझं दार कुणी वाजवलं नाही. नवव्या दिवशी तीच आली, तोंड फुगवून. "मोरी तुंबलीय. बोलणार नाहीये मी, नुसतं काम करा." मी केलं. चिमणे, त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

आता मुद्द्याचं. पुढच्या इमारती पडणार नाहीत, दुरुस्त होणार. मागची मोकळी जागा बिल्डर बुडाल्यावर पालिकेकडे आली. तिथे चार मजली घरं मंजूर झाली, लिफ्टसकट. अहवाल खोटा असल्याची माझी कबुली फायलीला लागल्यामुळे पहिला हक्क त्या अठ्ठेचाळीस बिऱ्हाडांचा. गेल्या आठवड्यात बाईंनी स्वतः यादी वाचून दाखवली. सतरावं नाव तुझं आहे.

सोबत अर्ज जोडलाय. मुदत तीस तारखेची. मी फक्त आपला जुना खोली क्रमांक लिहिलाय, बाकी तू भर. एकेचाळीस घरांचे अर्ज पोचलेसुद्धा.

माफी मागत नाही. तिचा भार तुझ्यावर कशाला? माझ्यावरचा राग या अर्जावर काढू नकोस, एवढंच. राग राहू दे, घर घे. आवारात समोर आलो तर ओळख दाखवायलाच हवी असं नाही. तू दिसलीस तरी मला पुष्कळ आहे.

तुझं घर मोडणारा,
आणि तरीही तुझा थोरला,

दादा