केरूचं तोंड गोड

पंचवटी, नाशिक

ती. मामांना मयूरचा साष्टांग नमस्कार. इगतपुरीच्या पावसाळी गारठ्यात मामींचे गुडघे काय म्हणतात? तुमचा खोकला? इकडे सगळे ठणठणीत, एकटा मी सोडून. परवापासून मला घास जात नाही. मामा, बसूनच वाचा. (मामींना वाचून दाखवणार असाल तर त्यांनाही बसवा.)

तुम्ही गेल्या दिवाळीत म्हणालात, "वरातीत घोडी धरणाऱ्याच्या घरी मी रोहिणी देणार नाही. आधी घोडी विक, मग बोलू." (तुम्ही 'बोलू' म्हणालात, 'देतो' म्हणाला नाहीत, हे आत्ता माझ्या डोक्यात शिरतंय.) म्हणून काळजावर दगड ठेवून चांदणी विकायला काढली. का विकतोय हे मात्र लाजेपोटी कुणाला सांगितलं नाही, अगदी केरूलाही नाही. केरू म्हणजे माझा लहानपणापासूनचा दोस्त, तोच तो रिक्षावाला. म्हणाला, "तू गप बस. तुला भाव करता येत नाही, नुसतं रडायला येतं."

गिऱ्हाईक शोधायला हा गडी सारखा इगतपुरीला जायचा. भर पावसात, घाटावर, घोडीला गिऱ्हाईक! मला तेव्हाच शंका यायला हवी होती. दर वेळी तुमच्याकडे चहा पिऊन यायचा आणि वर मामींच्या भज्यांचं कौतुक. शेवटी गिऱ्हाईक मिळालं नाशिक रोडचं, तेही त्याच्याच रिक्षात बसलेलं. चांदणीची खोड तुम्हाला ठाऊकच आहे: बँड वाजला तर चालणार, थांबला की जागीच खिळणार. गिऱ्हाइकाला चाल दाखवायला केरूने मोबाइलवर वरातीची गाणी लावून तिला भाजीबाजारातून मिरवली आणि ऐन कोथिंबिरीच्या ढिगापाशी बॅटरी संपली. चांदणी थांबली. कोथिंबीर खायला लागली. मागे रिक्षांची रांग, पुढे भाजीवाली चतुराबाई आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतेय. केरूने तिचाच पत्र्याचा डबा उचलला, तो बडवत, तोंडाने सनई काढत, नाचत निघाला. घोडी त्याच्या मागे! वर प्रामाणिकपणे गिऱ्हाइकाला खोडही सांगून टाकली. तो माणूस हसून बेजार. म्हणाला, "अरे, माझा बँडच आहे. थांबायचा प्रश्नच नाही." सौदा झाला.

चांदणीच्या गळ्यात पडून मी रडलो. केरूला दलाली देऊ केली तर घेईना. पण एवढं करणाऱ्याला रिकामं कसं पाठवायचं? मीच उदार होऊन म्हणालो, "केरू, माग काय हवं ते. तुझं तोंड गोड करतो. शब्द!" तो लाजला. मामा, केरू लाजला! म्हणाला, "गोडच करायचं तर साखरपुडा कर. माझा आणि रोहिणीचा."

आधी मी हसलो. मग तो हसत नाहीये हे दिसलं आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. जिच्यासाठी घोडी विकली, तीच दलालीत! तावातावाने रोहिणीला फोन लावला. ती म्हणाली, "मयूरदादा, बाबांना तूच सांग ना रे." दादा! जन्मात कधी दादा म्हणाली नव्हती हो ही पोरगी. दोन दिवस मी केरूचं तोंड पाहिलं नाही. तो मात्र रोज दारात येऊन चांदणीच्या रिकाम्या जागेपाशी बसतो आणि जातो.

असो. तब्येतीला जपा.

तुमचा भाचा (जावई लिहायची फार इच्छा होती),
मयूर

ता. क. मामा, केरूला हो म्हणा. रिक्षा स्वतःची आहे, सुपारीचंही व्यसन नाही. तुमच्या शब्दावर मी घोडी विकली, आता माझा शब्द तुम्ही राखा.

ता. क. २. वरातीला चांदणीच येणार. बँडवाल्याशी बोललोय. घोडी मीच धरणार, आणि तुम्ही काही बोलायचं नाही.

ता. क. ३. रोहिणीला सख्खा भाऊ नाही. म्हणजे नवरदेवाचा कान पिळायचा मान माझा. मांडवात कुणीही मला "हळू रे" म्हणायचं नाही, एवढी ताकीद सगळ्यांना आत्ताच देऊन ठेवा.