हाताची घडी, तोंडावर बोट, वजन एक किलो ऐंशी ग्रॅम

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे आठांपैकी जमली तेवढीच अंगे जमिनीला टेकली असे समज.) तुझे गुडघे कसे आहेत? तू "बरे आहेत" म्हणशील, म्हणजे उजवा बरा नाही. भाऊजींची कवळी सापडली का? नसल्यास त्यांच्या कोटाचा आतला खिसा पाहा. मागच्या वेळी तिथेच हसत बसली होती.

आधी महत्त्वाचे. तू इकडे येऊ नकोस. परवा फोनवर "पुढच्याच गाडीने निघते" म्हणालीस, मी "नको" म्हणालो आणि तू फोन आपटलास, म्हणून आता सविस्तर नको म्हणतो. माझी नात काचेच्या पेटीत राहते. पेटीवर चादर झाकलेली, खोलीत अर्धाच उजेड, आणि बोलायचे ते कुजबुजत. ताई, तू कुजबुजलीस की शेजारच्या दोन इमारतींना बातमी कळते. शिवाय तू आल्या आल्या सगळ्यांना शिकवायला लागशील, आणि चौथी दोनदा केलेल्या बाईने डॉक्टरांना शिकवणे बरे दिसत नाही.

तर हकीकत अशी. बाईसाहेब सातव्या महिन्यातच आल्या. (घराण्याची खोड. मी रांगेत पुढे घुसलो की तू ओरडतेस, "ए सातमाशा!" चहा फुंकर न घालता प्यालो आणि जीभ पोळली, तरी "ए सातमाशा!" चोपन्न वर्षे हेच ऐकतो आहे.) वजन भरले एक किलो ऐंशी ग्रॅम. माझी तपासायच्या वह्यांची पिशवी याहून जड असते. लेक ऑपरेशननंतर आठ दिवस वरच्या मजल्यावर पडून होती, जावई कामावरून संध्याकाळी सुटणार, तुझ्या भावजयीला सर्दी झाल्यामुळे तिला दाराच्या आत प्रवेश नाही. गाळता गाळता गाळणीत उरलो मी. ज्याला घरात काचेचा पेला धुवायला देत नाहीत, अशा माणसाची काचेच्या पेटीवर नेमणूक झाली.

तिथे एक सिस्टर आहेत. (देवाने मला आधी एक दिली होती, ती पुरेशी कडक वाटली नसावी.) वयाने माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा. त्यांनी माझी अंगठी आणि घड्याळ उतरवले, कोपरापर्यंत हात धुवायला लावले आणि नखे तपासली. तीस वर्षे मी ज्या पोरांची नखे तपासली, त्या सगळ्यांचा सूड या एका बाईने उगवला.

पेटीत वाकून पाहिले आणि आधी हसू आले. टॉवेलाची गुंडाळी करून भोवती घोड्याच्या नालेच्या आकाराचा बांध घातला होता. त्याला तिथे घरटे म्हणतात. त्यात नात कुशीवर, गुडघे पोटाशी, दोन्ही हात छातीपाशी जुळलेले, बोटे ओठांवर. ताई, ज्या एका आज्ञेसाठी मी तीस वर्षे घसा फोडला, हाताची घडी, तोंडावर बोट, आणि चाळीसांच्या वर्गात जी एकाने कधी धड पाळली नाही, ती या किलोभर मुलीने पाळली होती! मी म्हणालो, वा, शिस्त आहे. सिस्टर म्हणाल्या, "शिस्त नाही काका, आम्ही तसं निजवलंय. पोटात होती तेव्हा हात हलवला की भिंत लागायची, पाय ताणला की भिंत लागायची. आता कुठेच काही लागत नाही, म्हणून दचकते. दचकली की श्वास घ्यायचा विसरते. मग भिंत आपण व्हायचं." अंथरूण पाहून पाय पसरावे, हे मी फळ्यावर निदान शंभर वेळा लिहिले असेल. इथे पाय पाहून अंथरूण वळतात, आणि पाय वाढला की पुन्हा वळतात. सुविचार बदलावा लागणार.

मग माझी परीक्षा. डाव्या तळव्यात डोके, उजव्या तळव्यात दोन्ही पावले, आणि काहीही करायचे नाही. आता काहीही न करणे हे आपल्या घराण्याला कोणी शिकवलेलेच नाही. निजलेले काही दिसले की आपला हात आपोआप थोपटू लागतो. आपण मांजर थोपटतो, उशी थोपटतो, तू तर कणकेचा गोळासुद्धा झोपवल्यासारखा थोपटतेस. मी दोनच थोपट्या मारल्या असतील, त्याही हलक्या, आणि मॉनिटर बोंबलला. (वर्गातला मॉनिटर निदान आधी हात वर करायचा.) रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा चौऱ्याण्णववरून एक्क्याऐंशीवर आला. माझ्या विषयात एक्क्याऐंशी पडले तर बाप पेढे घेऊन शाळेत भेटायला येतो, इथे दोन डॉक्टर धावत आले. सिस्टरनी माझा हात उचलून बाजूला ठेवला आणि आपला ठेवला. नुसता ठेवला. आकडा एकेक पायरी चढत वर आला. "थोपटायचं नाही, कुरवाळायचं नाही," त्या म्हणाल्या. "हात ठेवायचा आणि विसरून जायचा." मी नापास.

घरी सराव सुरू केला. एक किलो साखरेची पिशवी, वर ऐंशी ग्रॅम खडू (मी गणिताचा मास्तर, वजनात हयगय नाही), सगळे टॉवेलात वळून टेबलावर ठेवले आणि हात ठेवून बसलो. पहिल्या दिवशी तीन मिनिटे, मग नाक खाजले. दुसऱ्या दिवशी सात मिनिटे झाली असताना तुझ्या भावजयीने माझ्या तळव्याखालून पिशवी ओढली, चहात साखर घातली आणि नातीचे वजन दोन चमचे घटवून परत ठेवली. चौथ्या दिवशी मात्र वीस मिनिटे! पायाला मुंग्या आल्या, पण हात हलला नाही.

पाचव्या दिवशी नातीच्या टाचेतून रक्त घेतले. इवलेसे तोंड वाकडे करून ती हातपाय झाडू लागली. सिस्टरनी मला खूण केली. मी हात ठेवले. तिने पाय ताणला, तो माझ्या तळव्याला लागला. ती थांबली. पुन्हा एकदा ढकलून पाहिले, भिंत पक्की आहे ना म्हणून. मग गुडघे पोटाशी ओढून घेतले आणि निजली. चौऱ्याण्णव, पंच्याण्णव, शहाण्णव. सिस्टर एवढेच म्हणाल्या, "पास." इतक्या कंजूषपणे मीही कधी कुणाला पास केले नाही. बाहेर येऊन मात्र मी पाणी पिण्याच्या निमित्ताने बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभा होतो.

आता वजन एक किलो दोनशे साठ आहे, आणि नाकाची नळी लवकरच काढू म्हणतात. लेकही खाली येते. दूध काढून देते, पेटीशेजारच्या खुर्चीत बसते, आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवते. सिस्टर पेटीची खिडकी उघडून देतात, ही नको म्हणून मान हलवते. एकदाच बोलली, "पोटात सांभाळता आली नाही मला. आता हात लावून अजून काय करू?" मी तिला मुद्देसूद समजावले. चार मुद्दे, तिसऱ्याला दोन उपमुद्दे. ती रडू लागली आणि सिस्टरनी मला वर्गाबाहेर उभे केले. असो. होईल हळूहळू.

एकूण सर्व ठीक आहे. तू गुडघा जप, प्रवासाची दगदग करू नकोस. भाऊजींना आणि सापडली असल्यास कवळीला नमस्कार.

तुझा धाकटा,
दुसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण

ता. क. त्या वीस मिनिटांत पायाला मुंग्या आल्या तेव्हा आई आठवली. मी झालो तेव्हा कसली पेटी आणि कसले काय. गोधडीची वळकटी करून तिच्यात मला ठेवले होते, आणि नऊ वर्षांची तू दीड महिना शेजारी हात ठेवून बसलीस, मुंग्या आल्या तरी उठायची नाहीस, असे ती सांगायची. मी ते घरगुती थापांत जमा केले होते. ताई, मी मार्चमधला. वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये. तू तेव्हा चौथीत. ही बेरीज गणिताच्या मास्तराला चोपन्न वर्षे जमली नाही. तुझ्या चौथीवरून आजवर जे जे बोललो ते मागे घेतो. (पहिल्या पानावरचेही. खोडले असते, पण खाडाखोडीचे मी गुण कापतो.)

पुन्हा ता. क. पुढच्याच गाडीने ये. नखे कापून ये. पोरीला समजावणारे पुष्कळ आहेत. तिच्या शेजारी बसून, तिचा हात हातात घेऊन, तो पेटीत नेऊन ठेवणारे कोणी नाही. बोलू नकोस काही. तिच्या हातावर तुझा हात नुसता ठेव. तिलाही सध्या कुठे भिंत लागत नाही.

शेवटचा ता. क. कुजबुजण्याचा नियम एकदाच मोडायची परवानगी मी सिस्टरकडून काढली आहे, तीही बाहेरच्या जिन्यात. लेकीला घेऊन मी तिथे उभा राहीन. खालच्या पायरीवरूनच तुझ्या नेहमीच्या आवाजात मला हाक मार, "ए सातमाशा!" तिने हे जन्मभर ऐकले आहे, पण शिवी म्हणून. त्याचा अर्थ तिने कधी जोडला नसावा. सातव्या महिन्यात आलेला माणूस चोपन्नाव्या वर्षी कसा दिसतो, ते तिला एकदा नीट पाहू दे. टक्कल पडलेला, पोट सुटलेला, आणि अजून बहिणीचा ओरडा खाणारा.